राखून ठेवलेला घास

रविवार, २ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ. स्थळ: बोईसर, साहेबांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरा मजला. हजर: साहेबांची मुलगी, आदल्या दिवशी बडोद्याहून आलेली, सातपाटीची मासळीवाली मावशी, टोपलीसकट, नदीपलीकडच्या पाड्यावरचा म्हातारा, त्याची नात, आणि मी. साहेबांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते.

काम एकच होतं, फ्लॅट रिकामा करून किल्ली मालकाला देणं. काय द्यायचं, काय टाकायचं आणि काय ठेवायचं याच्या याद्या मी आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. साहेबांच्या वस्तूच इतक्या थोड्या, की अकरापर्यंत सगळं उरकलं असतं. पण म्हातारा आत आला, पळसाच्या पानांत बांधलेलं पुडकं त्याने टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "राजा नाय, पण नवं तर पिकलं. आता कोण खाईल?"

मी हातातली यादी खाली ठेवली.

त्या पुडक्याबद्दल आधी सांगते. साहेब डोंगरातल्या एका चिमुकल्या संस्थानाचे युवराज. संस्थान विलीन झालं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. राज्य करायचं राहिलं, पण राज्याचे रिवाज मागे लागले ते कायमचे. त्यातला एक असा: भाताची कापणी झाली, की प्रत्येक पाडा नवा तांदूळ शिजवून आधी राजाकडे आणायचा. राजाने त्यातला घास खाल्ला, की मग पाडा नवं खायला मोकळा. तोवर घरात कणग्या भरलेल्या असल्या तरी नागलीच्या भाकरीवर भागवायचं. पुढे बाकीच्या पाड्यांनी हे सोडून दिलं. नदीपलीकडच्या एका पाड्याने सोडलं नाही.

मी साहेबांकडे कामाला लागले तेव्हा ते आमदार होते आणि मी पंचवीस वर्षांची. बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं संपर्क कार्यालय होतं. मुलाखतीला गेले तर दाराशी स्टुलावर एक सडपातळ माणूस शेंगा सोलत बसलेला.

"आमदारसाहेबांना भेटायचंय," मी म्हटलं.

"भेटा की. टायपिंग येतं?"

"ते मी साहेबांनाच सांगेन."

"बरोबर आहे. शिपायाला काय सांगायचं!" तो म्हणाला, स्टूल उचलून आत गेला, टेबलापलीकडे ते ठेवून त्यावर बसला आणि म्हणाला, "हं. आता सांगा."

हातांच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. "तिला दोन सिंह चिकटवायचे तेवढे बाकी आहेत," म्हणत. पुढे राज्यमंत्री झाल्यावर त्यांनी दालनातली खुर्ची बाहेर काढायला लावली आणि बोईसरचं स्टूल मुंबईला नेलं. भेटायला येणारे लोक रिकाम्या जागेला नमस्कार करत आणि साहेब कधी येणार, ते त्यांनाच विचारत.

छत्रीही वापरत नसत. लहानपणी त्यांच्यावर छत्री धरायला एक माणूस नेमलेला होता. "तो गेला त्या दिवशी ठरवलं, आता लोकांसारखं भिजायचं," असं सांगत. मी एकदा म्हटलं, "साहेब, लोक छत्री घेतात." त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नाही." आणि तरी भिजतच राहिले. फायली मी प्लास्टिकच्या पिशव्यांत घालायला लागले.

पायाला हात लावू देत नसत. कोणी लावलाच तर खाली वाकून त्याच्या पायाला हात लावत. डोंगरातली माणसं यामुळे फार अडचणीत यायची. ती पुन्हा वाकायची, साहेब पुन्हा वाकायचे. एकदा दोन डोकी अशी आपटली, की मला बर्फ आणायला खाली पळावं लागलं. त्यातलं दुसरं डोकं या म्हाताऱ्याचंच होतं. तेव्हा तो चाळिशीत असेल.

राजा म्हटलेलं त्यांना खपत नसे. पाड्यावरचे लोक सांगूनही ऐकत नसत, म्हणून त्यांच्यापुढे हात टेकलेले. बाकी सवलत फक्त मावशीला. दर रविवारी ती जिना चढून यायची आणि दारातच भांडण जुंपायचं.

"बोंबील कालचे दिसतायत, मावशी."

"कालचा तू हायस, राजा! बोंबील आजचे हायत. घ्यायचे तर घे, नायतर जा, राज कर जा!"

साहेब खूश व्हायचे. "ऐकलंत, बाई? इतकं खरं मला दुसरं कोण बोलतं?"

कारण त्यांना हवी होती तक्रार. ते नेहमी म्हणत, "राजाने काही दिलं की लोक पाया पडतात. सरकारने दिलं की कुरकुर करतात, उशिरा दिलं, कमी दिलं. ती कुरकुर ऐकली की मला बरं वाटतं." कार्यालयात त्यांनी एक जाड वही ठेवली होती, खास त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी. पाड्यावरचं कोणी आलं की ती त्याच्यापुढे सरकवत. "काहीतरी सांग. मी काय केलं नाही ते सांग." तो माणूस हसायचा. "तुमची कसली तक्रार, राजा!" पहिल्या वर्षात त्या वहीत एकच नोंद झाली. ती मावशीची होती: फार घासाघीस करतात.

मी लागले त्याच वर्षी, नोव्हेंबरात, नदीपलीकडून चौघे जण नवं घेऊन कार्यालयात आले. साहेबांनी पुडकं हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं.

"आता नाही खाणार. तुम्हाला नदीवर साकव बांधून देईन. त्या साकवावरून चालत तुमच्याकडे येईन, तुमच्या ओट्यावर बसेन आणि मग पोटभर खाईन. राजा म्हणून नाही. पाहुणा म्हणून."

चौघांनी माना डोलावल्या आणि ते गेले. साहेबांना वाटलं, एक जुना रिवाज आपण किती शहाणपणाने मोडला. मलाही वाटलं.

शिमग्याच्या सुमारास त्या चौघांतलाच एक जण, हाच म्हातारा, रेशनकार्डाच्या कामाला आला. साहेबांनी सहज विचारलं, "यंदा भात कसा होता? गोड होता का?"

"असंल."

"असंल म्हणजे?"

"खाल्ला नाय अजून. तुमी यायचं हाय ना."

चार महिने अख्खा पाडा नागलीवर आणि कंदांवर होता. भरलेल्या कणग्यांना कोणी हात लावला नव्हता. साहेब स्टुलावरून उठले ते थेट जीपमध्ये बसले. नदीच्या अलीकडच्या काठावर जीप थांबली. पाणी घोट्याएवढंच होतं, पण ते पाण्यात उतरले नाहीत. साकवावरूनच येईन, असा शब्द दिला होता. मग पलीकडून बायकांनी नवा भात शिजवून आणला. साहेबांनी त्यातलं एक शीत उचललं, तेवढंच तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आता खा. घास राखून ठेवलाय."

तेव्हापासून दर वर्षी तसंच. एक शीत, पाड्याला मोकळं करण्यापुरतं. घास साकवासाठी.

पुढच्याच वर्षी ते राज्यमंत्री झाले, आणि खातं असं मिळालं, की आमच्या भागातले साकव त्यांच्याच सहीने मंजूर होणार होते. इंजिनिअरांनी निकष लावून यादी पाठवली. पावसाळ्यात किती महिने वाट बंद, दवाखाना किती लांब, शाळा कुठे. नदीपलीकडचा पाडा तिसरा होता. साहेबांनी पेनाने त्याभोवती गोल केला आणि तिथून खाली, कागदाच्या तळापर्यंत बाण ओढला.

"बाई, नवी प्रत टाइप करा."

"साहेब, निकषाप्रमाणे हा तिसराच येतो."

"येतो ना. म्हणूनच शेवटी घ्या. राजाने आधी आपल्या माणसांना पूल दिला, असं कोणी म्हणायला नको. माझी माणसं थांबतील."

मी टाइप केलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन आईला म्हटलं, असा मंत्री मी पाहिला नाही. प्रत सुबक झाली होती, एकही खाडाखोड नव्हती. मूळ यादी, बाणासह, मी माझ्या फाइलला लावून ठेवली, कारण मी कुठलाच कागद टाकत नाही.

त्या वर्षी यादीतले शेवटचे दोन साकव सोडून बाकी सगळे मंजूर झाले. शेवटचे दोन पुढच्या वर्षी घेऊ, असं ठरलं. पुढच्या वर्षी सरकार राहिलं नाही, आणि निवडणुकीत साहेबही पडले. पाड्याने सगळी मतं त्यांना दिली होती, नदी उतरून येऊन.

पाच-सहा वर्षांनी, श्रावणात, म्हाताऱ्याच्या मुलीला कळा सुरू झाल्या. झोळी करून तिला नदीपर्यंत आणलं. पाणी चढलेलं. अलीकडच्या काठावर जीप येऊन उभी होती, तिचा हॉर्न पलीकडे ऐकू येत होता. दुपारभर पाणी उतरण्याची वाट पाहिली. मुलगी झाली, ती जगली. आई तिथेच, काठावर गेली.

साहेबांनी ती जुनी यादी माझ्याकडून मागून घेतली. बाणावरून बोट फिरवलं. नोव्हेंबरात म्हातारा नेहमीसारखं पुडकं घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा साहेब म्हणाले, "आज तरी मला शिव्या दे."

"पाणी चढलं, राजा," तो म्हणाला. "त्याला तुमी काय करणार?"

त्या दिवशी ते एक शीत गिळायला साहेबांना पाणी प्यावं लागलं.

नंतरची वीस-बावीस वर्षं साहेबांनी अर्ज केले. आमदारकी नाही, गाडी नाही, संपर्क कार्यालय नाही. मी दुसरीकडे नोकरी धरली, पण शनिवारी त्यांचे अर्ज टाइप करून द्यायची. ते पालघरला जाऊन सरकारी कार्यालयात रांगेत उभे राहत. मी माजी मंत्री आहे, हे सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. एकदा मी सोबत होते. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, काम कोणाचं आहे?"

"माझंच."

"पाडा तुमचा?"

"होता."

"तसं नाही चालत. अर्जदार तिथला रहिवासी लागतो. रेशनकार्ड, आधार, तिथल्या पत्त्याचं."

पुढच्या वेळी दुसरं उत्तर मिळालं. पाडा निकषात बसत नाही, माणसं कमी झाली. ते खरं होतं. पूल नाही म्हणून माणसं एकेक करून बोईसरच्या कारखान्यांत येत होती, आणि माणसं नाहीत म्हणून पूल होत नव्हता. साहेबांनी हे वाक्य एका अर्जात घातलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका तरुण इंजिनिअरने त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. जुन्या यादीत त्या पाड्याचा क्रम चुकीने खाली गेला होता, अशी तिथल्या रहिवाशाची तक्रार आली आणि सोबत मूळ यादी असली, तर तो ती विशेष बाब म्हणून वर पाठवू शकत होता. एक सही पुरे होती.

साहेब पळतच घरी आले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस दोन जिने चढून आला आणि धापा टाकत म्हणाला, "बाई, लिहा. तत्कालीन राज्यमंत्र्यांनी आमच्या पाड्याचा क्रम जाणूनबुजून खाली नेला. त्यामुळे एका बाळंतिणीचा मृत्यू झाला."

"जाणूनबुजून कशाला, साहेब? चुकीने म्हणू या."

"जाणूनबुजून. मला काढून टाकायला आता कोणी उरलं नाही, घाबरता कशाला?"

म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. साहेबांनी अर्ज स्वतः वाचून दाखवला. म्हातारा शेवटपर्यंत ऐकून घेऊन हसला आणि पेन टेबलावर ठेवून गेला. पाड्यावर इतर चार-पाच घरं उरली आहेत, पण त्याने सही केल्याशिवाय तिथे कोणी करत नाही. भादव्यात साहेबांनी अंथरूण धरलं. जायच्या दोन दिवस आधी मला म्हणाले, "मी गेल्यावर सही घ्या. मग त्याला संकोच वाटणार नाही."

माणसांबद्दलचे त्यांचे बरेच अंदाज चुकले. हाही चुकला.

त्या रविवारी मी पुडक्याशेजारी अर्ज ठेवला, त्यावर पेन ठेवलं. म्हाताऱ्याने अर्जाकडे पाहिलंच नाही. तो साहेबांच्या मुलीला म्हणाला, "तू राजाची लेक. तू खा. एक शीत खा."

तिने मान हलवली. "बाबांनी बजावलंय, काका. हे माझ्यापाशी संपतं, म्हणाले. आपल्या घरातल्या कोणी आता खायचं नाही."

"मंग पाड्यानं काय करायचं?"

"पाड्यानं सही करायची," मावशी टोपलीजवळून उठत म्हणाली. "अरे कर ना, बाबा! मेलेल्याला काय लागतंय? मी त्याला तोंडावर किती बोलली, गेला का तो रागावून?"

"तुमचं येगळं हाय, बाय." म्हातारा शांतपणे म्हणाला. "राजा आमाला बोललेला, साकवावरून येईन, घास खाईन. अजून आला नाय, येवढंच. मी तक्रार दिली म्हंजे तो खोटा पडला. सगळ्या पाड्यासमोर खोटा पडला."

"आजा, तो आता येणार नाय," नात म्हणाली. ती इथल्याच एका कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरण्याच्या कामाला आहे. रात्रपाळी करून सरळ आली होती, गळ्यात गेटपास तसाच. तिने अर्ज उचलून वाचला, ओठ हलवत. एका ओळीवर थांबली. "ही बाळंतीण म्हंजे माझी आय ना?"

"हो," मी म्हटलं.

"आना पेन. मी करते सही."

मी पेन पुढे केलं आणि सवयीने विचारलं, "आधार कार्ड आहे?" तिने मोबाइलच्या कव्हरमधून काढून दिलं. पत्ता बोईसरचा होता, चाळीतला. कंपनीसाठी तिने बदलून घेतला होता, रेशनकार्डही इकडचं केलं होतं. मी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. मग तिला ते सांगितलं, जे पालघरच्या खिडकीतून साहेबांना सांगितलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तिथं पूल नाय म्हणून तर मी इथं हाय, बाई."

तिने पेन ठेवलं, पुडक्याची दोरी सोडली, पान उघडलं आणि भाताचा घास घेतला. शीत नव्हे, भरलेला घास. उभ्या उभ्या चावून खाल्ला. "आमी पिकवला," ती म्हणाली. "मी यंदा लावणीला रजा टाकून गेलेली, पगार कापला माझा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती चावत होती.

म्हाताऱ्याने तिचं खाऊन होऊ दिलं. मग पानाच्या कडा पुन्हा जुळवल्या आणि त्याच दोरीने पुडकं बांधलं.

"तू खाल्लास, तो तू खाल्लास," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. "पाड्याचं नाय झालं."

तो उठला. मी म्हटलं, "बाबा, मी पाड्यावर येते. बाकीच्यांशी बोलते. तुमच्यासमोरच बोलेन. नदी कुठून उतरायची?"

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमी कधी आलाच नाय, नाय का?"

तीस वर्षांत मी त्या पाड्याचे किती अर्ज टाइप केले ते माझ्या वहीत आहे. पण साहेब नदीच्या अलीकडे थांबायचे, म्हणून मीही थांबायची. ओटा कसा आहे, घरं कुठे आहेत, काठावरची ती जागा कोणती, मी काहीच पाहिलेलं नाही.

"उतार दर साली बदलतो," म्हातारा म्हणाला. "पाण्यात पाय घातल्याबिगर कळत नाय. आता कमरेयेवढं हाय."

साडेबाराला फ्लॅट रिकामा झाला. साहेबांचं स्टूल मावशीने मागून घेतलं, मासे कापायला बसायला. मुलगी चारच्या गाडीने बडोद्याला गेली. किल्ली मालकाला दिली. मूळ यादी, बाणासह, आणि अर्ज मी घरी आणले.

आज आठ दिवस झाले. पाड्यावर कणग्या भरलेल्या आहेत आणि लोक नागली खात आहेत, असं नात फोनवर सांगते. अर्जाच्या तळाशी सहीसाठी मी पट्टीने रेघ मारून ठेवली आहे. ती रिकामी आहे. नदी उतरून पलीकडे जायचं राहिलं आहे.